दादाला कुणीतरी विचारलं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात विशेष खेळाडूंच्या मेडलची बातमी येते, फोटो येतो, गळ्यात हार, शेजारी कोच आणि पाहुणे, आणि आम्ही घरचे लोक ते कात्रण जपून ठेवतो. २०२३ ला बर्लिनच्या स्पेशल ऑलिम्पिकमधून, म्हणजे बौद्धिक दिव्यांगांच्या जागतिक स्पर्धेतून, भारताच्या खेळाडूंनी २०२ मेडल आणली तेव्हा आईने ती बातमी शेजारच्या तीन घरी जाऊन वाचून दाखवली होती. पण ह्या खेळाडूंच्या तब्येतीबद्दल कधी दोन ओळी छापून आलेल्या मी तरी वाचल्या नाहीत, म्हणून हे पत्र लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, ३१ वर्षांचा आहे आणि त्याला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासूनच बुद्धीची वाढ हळू. पार्क स्टेडियमवर प्रॅक्टिसला जातो, शंभर मीटर पळतो आणि बोची खेळतो. बोची म्हणजे आधी एक छोटा बॉल लांब टाकायचा आणि मग आपले मोठे बॉल गडगडत नेऊन त्याच्या जवळात जवळ थांबवायचे, गोट्या खेळलेल्या माणसाला लगेच कळेल. दिवाळीनंतर कोच सरांनी सगळ्या पालकांना बोलावून सांगितलं की बौद्धिक दिव्यांग खेळाडूंच्या आरोग्याचा एक अभ्यास चाललाय, बाहेरगावची टीम येणारे, ज्यांना भाग घ्यायचाय त्यांनी नावं द्या. वीसेक पालक होतो आणि त्यातल्या निम्म्यांनी तिथंच नाही म्हणून टाकलं.

मी त्यांना नावं ठेवत नाही, कारण प्रत्येकाची भीती खरी होती. एकजण म्हणाले आमच्या पोरावर औषधाचे प्रयोग करणार का. एका मावशींचं म्हणणं असं की रिपोर्टमध्ये पोरगा फिट आहे असं आलं तर दिव्यांगाच्या सर्टिफिकेटवरची टक्केवारी कमी होईल आणि निराधारची पेन्शन बंद पडेल, आणि ज्या घरात आई दिवसभर विड्या वळते तिथं ती पेन्शन म्हणजे किराणा असतो. कुणी विचारलं चष्मा मिळणार का, गोळ्या मिळणार का. तेव्हा त्या टीमच्या ताईंनी सरळ सांगितलं की हा कॅम्प नाही, वाटप काही नाही, आम्ही मोजमाप घेणार, वर्षाने परत येऊन तेच मोजणार आणि काय बदललं ते बघणार, औषध कुठलंच देणार नाही, आणि सर्टिफिकेटच्या ऑफिसला ह्यातला एकही कागद जाणार नाही. मला ते सरळ बोलणं आवडलं.

आमच्या घरी होकार देण्यामागे एक जुनं कारण आहे. तीनेक वर्षांपूर्वी दादा एकदम हट्टी झाला, हाक मारली तर बघायचा नाही, टीव्ही मोठ्याने लावायचा, ग्राउंडवर शिट्टी झाली तरी उभाच. आम्ही त्याला एका डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी टेबलाच्या पलीकडूनच बघितलं आणि म्हणाले की अशा मुलांचं असंच असतं, वय वाढतं तसा हट्ट वाढतो. आम्ही मान हलवून घरी आलो. पुढं सहा-सात महिने आई त्याला ओरडत होती, मीपण ओरडले. मग एका स्पर्धेच्या वेळी खेळाडूंची तपासणी होती, तिथल्या मुलीने त्याच्या कानात लाइट मारून बघितलं तर दोन्ही कान मळाने गच्च भरलेले. डाउन सिंड्रोममध्ये कानाची नळी मुळातच अरुंद असते त्यामुळे मळ लवकर साठतो, हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मळ काढला त्या दिवशी घरी आल्यावर दादा स्वयंपाकघरात उभा राहून फोडणीचा आवाज ऐकत होता, आई कढईत मोहरी टाकायची आणि हा हसायचा. आई त्या रात्री जेवली नाही.

ह्या लोकांना दुखलं खुपलं तर नेमकं कुठं ते सांगता येत नाही. दात दुखत असला तर तो जेवण ढकलून देतो, आपण म्हणतो नखरे करतो. आणि डॉक्टरही सगळं त्या एका निदानाच्या नावावर खपवतात. स्पेशल ऑलिम्पिकवाल्यांनी १९९७ पासून खेळाडूंसाठी मोफत तपासण्या सुरू केल्या त्या ह्याचसाठी, त्यात डोळे, कान, दात, पाय, वजन, तोल सगळं बघतात. पण कॅम्पमध्ये एक दिवस बघितलेलं वेगळं आणि अभ्यास वेगळा. मोठमोठ्या आरोग्य अभ्यासांत बौद्धिक दिव्यांगांना बहुतेक वेळा घेतच नाहीत, संमती कोण देणार, प्रश्न कसे समजणार म्हणून सोडून देतात, आणि मग जी माहिती तयार होते ती बाकीच्यांची होते. एकच उदाहरण देते. व्यायामाच्या वेळी हृदयाचे ठोके किती वाढू द्यायचे त्याचं २२० वजा वय असं गणित जिमवाले सांगतात. डाउन सिंड्रोम असलेल्यांचे ठोके मुळातच तेवढे वर जात नाहीत, त्यांना ते गणित लावलं तर कोच म्हणणार हा कामचुकार आहे, अजून पळ. हे कळलं कसं, तर त्यांना मोजलं म्हणून.

दादा झाला तेव्हा आईला सांगितलेलं की वीस-पंचवीस वर्षं काढली तरी खूप. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास खरंच डाउन सिंड्रोमवाल्यांचं सरासरी आयुष्य २५ च्या आसपास होतं, आता तिथं ते ६० च्या घरात गेलंय. दादा एकतीसचा झाला, देवाच्या कृपेने पन्नाशी गाठेल, साठी गाठेल, पण तोपर्यंत त्याच्या हाडांचं काय होतं, थायरॉइडचं काय होतं, ह्या लोकांना विसरण्याचा आजार लवकर गाठतो तर त्याची सुरुवात कशी ओळखायची, हे मला आत्तापासून माहीत पाहिजे, कारण आई-बाबांच्या नंतर त्याला मीच बघणारे.

आता अभ्यासाची टीम आली त्या दिवशीचं सांगते. संमतीचा फॉर्म आला, बाबांनी पेन काढलं, कुठं सही करू. ताई म्हणाल्या काका तुमची सही नंतर, आधी त्याला विचारू. त्यांच्याकडे चित्रांची कार्डं होती, वजनकाटा, डोळा, कान, पाऊल, खुर्ची, आणि एक सुईचं. एकेक कार्ड दाखवायचं, काय करणार ते करून दाखवायचं आणि थांबायचं. दादाने वजनकाट्याला मान हलवली, खुर्चीच्या कार्डाला तर उठून-बसूनच दाखवलं. सुईचं कार्ड आलं तेव्हा त्याने ते हातात घेतलं, टेबलावर पालथं ठेवलं आणि त्यावर पंजा दाबून बसला. बाबा म्हणाले काही होत नाही ओ ताई, घ्या तुम्ही, मी धरतो त्याला. आजपर्यंत असंच झालंय, धरूनच झालंय सगळं, मी स्वतः त्याचे पाय धरलेत. ताई म्हणाल्या, काका, तो नाही म्हणालाय. आणि फॉर्मवर रक्ताच्या रकान्यात "नाही" लिहून पुढच्या कार्डाला गेल्या. बाकीच्या सगळ्या तपासण्या झाल्या, त्याला कुणी बाहेर काढलं नाही.

मी घरी येऊन वाचत बसले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे लिहिलेलंच आहे की दिव्यांग व्यक्तीला समजेल अशा पद्धतीने सांगून तिची स्वतःची संमती घेतल्याशिवाय तिच्यावर संशोधन करायचं नाही, शिवाय त्यासाठी एका समितीची आधी परवानगी लागते आणि त्या समितीत कमीत कमी निम्मे लोक दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संस्थांचे असावे लागतात. आयसीएमआर म्हणजे वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था, तिच्या २०१७ च्या नियमात आहे की केव्हाही नाव मागे घेता येतं आणि त्यामुळे उपचार अडवता येत नाहीत. हे आम्हा पालकांपैकी एकालाही माहीत नव्हतं. अठरा वर्षं झाली की आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, त्यासाठी कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या लोकल कमिटीकडे अर्ज करावा लागतो, हेसुद्धा किती जणांना माहितेय?

तपासणीत काय निघालं तर दादाचे बूट दोन नंबर मोठे. पाऊल रुंद म्हणून आम्ही नवी पेठेतून लांब बूट आणत होतो आणि तो बिचारा त्यात पाय घासत पळत होता, अंगठ्याच्या बाजूला घट्टा पडलेला. आता रुंद पंजाचा बूट शोधतोय, कुठल्या दुकानात मिळत असेल तर वाचकांनी कळवावं. एका पायावर उभं राहण्यात तो कमी पडला. रोज सकाळी मोरीच्या भिंतीला हात लावून प्रॅक्टिस चालू आहे, मोजायचं काम माझ्याकडे.

टीमची एक गोष्ट मात्र मला खटकली. फॉर्म फक्त मराठीत होता. आपल्या सोलापुरात पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडून येणारे कन्नड बोलतात, उर्दूवाले आहेत. एका मावशींना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, त्यांना दुसऱ्या खेळाडूच्या बहिणीने पाऊण तास बसून तेलुगूत समजावलं आणि टीम थांबली, हे चांगलं केलं त्यांनी, पण ती मुलगी नसती तर त्या मावशींनी नुसता अंगठा उठवला असता. इथं यायचं तर चार भाषांत फॉर्म आणा. आणि रिपोर्ट आम्हाला द्या, फोनवर इंग्रजी पीडीएफ टाकून मोकळं होऊ नका, समोर बसवून सांगा.

ज्या पालकांनी नाही म्हटलं त्यांना माझी विनंती आहे की एकदा परत विचार करा. कोच सरांकडे नावं अजून घेतायत. एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधन नीतीने होतंय का ते बघणाऱ्या समितीची, परवानगी बघायला मागा, फॉर्मची कॉपी मागा, माहिती कुठं जाणार ते विचारा, काही दुखापत झाली तर खर्च कोण करणार ते विचारा, उत्तरं नाही मिळाली तर नाव देऊ नका. पण मुलाला विचारा. कार्डं नसतील तर वस्तू दाखवून विचारा.

आमच्याकडे पुढच्या दिवाळीनंतर परत येणारेत. दादाने सुईचं ते कार्ड परत दिलंच नाही, ताईंनी राहू दे म्हटलं, त्याच्या मेडलच्या डब्यात आहे. बाबा परवा म्हणाले पुढच्या वेळी रक्तपण देऊन टाकू, तर मी म्हटलं दादाला विचारा.

आपली,
एका खेळाडूची बहीण, सोलापूर