बाइंडरकडून आलेलं पुस्तक

बंगळूर, रविवार

ती. आई-बाबा,
सा. न.

कुरिअर मंगळवारपर्यंत पोचेल. उघडल्यावर बाबा ओरडणार, म्हणून आधीच सांगते: नेमाड्यांच्या 'हिंदू' कादंबरीचे दोन तुकडे मीच करून घेतलेत. बाइंडरनं ते ६०० पानांचं धूड मधोमध उसवलं आणि दोन्ही भागांना खाकी पुठ्ठा चढवला. आईचं मनगट दुखतं आणि बाबांना पुस्तक छातीवर ठेवून आडवं पडल्याशिवाय वाचता येत नाही. मग करणार काय?

बाबा, तुमचं म्हणणं मला पाठ आहे. कादंबरी म्हणजे 'मृत्युंजय', बाकी सगळा पाचोळा. दिवाळीत घरी होते तेव्हा तुमचीच प्रत पुन्हा वाचली. खरं सांगू? कर्णाच्या तोंडचे भाग आता जड जातात. उपमांवर उपमा! शाळेत असताना त्याच मी वहीत उतरवून घेतल्या होत्या. पण नऊ भागांतले चारच कर्णाचे, बाकी कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांना एकेक. शोणाचा भाग तेव्हा मी नुसता चाळला होता. या खेपेला तिथंच अडकले. थोरल्याच्या मागं मागं आयुष्यभर चालणारा धाकटा भाऊ. (काका आठवला. तुम्हाला नाही का हो आठवत?)

'हिंदू' २०१० साली आली तेव्हा हॉस्टेलवर घेतली होती, दीडशे पानांत सोडली. गोष्ट पुढं सरकतच नाही म्हणून वैताग आला होता. खंडेराव मोहेंजोदडोला उत्खननावर असतो, वडील अत्यवस्थ असल्याचं कळतं, तो मोरगावला यायला निघतो. म्हटलं तर एवढंच. मध्ये शेती, भाऊबंदकी, घरातल्या बायका, कोण कुणाचं कोण, सगळं एकमेकांत घुसलेलं.

बाबांच्या ऑपरेशनला रात्रीच्या बसनं आले, तेव्हा तीच पिशवीत होती. बेळगाव मागं पडलं, बसमधले दिवे मालवले, मी मोबाइलच्या उजेडात वाचत होते. आणि ती गिचमिड एकदम ओळखीची वाटायला लागली. घराकडं निघालेल्या माणसाचं डोकं असंच चालतं. रिपोर्ट काय येईल याची काळजी करायची सोडून मी, आपण विकलेल्या त्या म्हशीचं नाव आठवेना म्हणून कासावीस झाले होते!

मधली काही पानं नेमाडे प्रवचनाला बसल्यासारखे बोलत सुटतात. तिथं कंटाळा आला तर खुशाल पुढं जा, मीही गेले. आई, तू मात्र बायकांचे प्रसंग सोडू नकोस. दुपारी भांडी झाल्यावर दहा पानं वाच आणि बाबांना मोठ्यानं वाचून दाखव. डोळ्यांतले थेंब चालू आहेत तोवर त्यांनी पुस्तकाला हात लावायचा नाही.

म्हशीचं नाव अजून आठवलेलं नाही. चंद्री की चांदी? फोनवर सांग.

तुमची,
ताई