आप्पांची यादी

शहापूर, बेळगाव
रविवार, रात्री

प्रिय बाळ्या,

फोन सोडून पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, सगळे ठीक आहेत. आईचा गुडघा तसाच, आप्पांची शुगर तशीच, माझी पाठ बरी. फोन करत नाही कारण आमच्या घरात माडीवर शिंकलं तरी खालून "कोण रे?" येतं, हे तुला सांगायला नको. आणि जे बोलायचंय ते आप्पांच्या कानावर इतक्यात जायला नको.

श्टुटगार्टच्या कचेरीतून पत्र आलंय. नागरिकत्वाचा अर्ज मंजूर. जानेवारीत परत गेलो की एक दिवस जायचं, एक वाक्य म्हणायचं, कागद हातात घ्यायचा, झालं. तो कागद घेतला की त्याच क्षणी आपलं नागरिकत्व संपतं, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९. गंमत बघ, पूर्वी जर्मनीच म्हणायची की जुनं सोडा, मग नवं देतो. जून २०२४ पासून ते म्हणतात, ठेवा की दोन्ही. आता नाही म्हणतंय ते आपलं सरकार. तुझं बरं आहे लेका, दुबईत म्हातारा होईपर्यंत राबलास तरी असलं पत्र तुझ्या दारात येण्याची भीती नाही.

मंजू खूश आहे, आणि का नसावी? अर्ज दोघांनी मिळून केला. कारणही साधं आहे. आता माझ्याकडे कायम राहण्याचा परवाना आहे, पण जर्मनीबाहेर सहा महिन्यांच्या वर राहिलो तर तो साधारणपणे आपोआप संपतो. उद्या आईचं काही झालं, इथे वर्षभर राहावं लागलं, तर तिकडचं सगळं पाण्यात. तेच जर्मन पासपोर्ट आणि परदेशी झालेल्या भारतीयांना आपलं सरकार देतं ते ओसीआय कार्ड असलं तर या घरात दहा वर्षं राहा, कोण विचारत नाही. म्हणजे शहापुरात निवांत राहायचं तर आधी परदेशी व्हायला पाहिजे. हे मंजूला पटतं, मला पटतं. आप्पांना कोण पटवणार?

त्यात दिवस कसले, कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनाचे. सुवर्णसौधात सगळं मंत्रिमंडळ येऊन बसलंय, रस्त्यावर बंदोबस्त, बेळगाव महाराष्ट्रात घाला म्हणणाऱ्या एकीकरण समितीच्या मेळाव्याला परवानगी नाही. आप्पा सकाळी पेपर उघडतात तेव्हापासून तापलेले.

आणि आज दुपारी त्यांनी यादी काढली. तू पाहिली आहेस ती, पण आता तिचं काय झालंय बघायला पाहिजेस. मतदार यादीच्या झेरॉक्स, भोकं पाडून जाड दोऱ्यानं शिवलेल्या, वर जुन्या कॅलेंडरचं पुठ्ठं. मराठी आडनाव दिसलं की लाल पेनानं बारीक टिंब. मेलेल्यांवर फुली. लग्न होऊन गेलेल्या मुलींपुढे बाण. पुण्याला गेलेल्यांपुढे 'पु'. आपल्या गल्लीच्या पानावर 'पु' इतके झालेत की टिंबं शोधावी लागतात. चष्मा कपाळावर ढकलून, पान नाकाशी धरून मला विचारतात, "तुझं सहा-अ चं नाव हाय न्हवं अजून? एकदा बघून घे."

सहा-अ म्हणजे परदेशात राहणाऱ्या मतदाराचा फॉर्म. तो कधी निघाला, कुठे भरायचा, हे मला त्यांनीच शिकवलं. त्या फॉर्मवर नाव असलं की मत देता येतं, पण स्वतः येऊन, आणि केंद्रावर मूळ पासपोर्ट दाखवून. मे २०२३ ला मी सुट्टी जुळवून आलो होतो ते त्यासाठीच. केंद्रावरच्या बाईंनी पासपोर्ट उलटसुलट करून बघितला, आप्पा दाराबाहेर वरात बघितल्यासारखे बघत उभे. निकालात समितीची एकही जागा आली नाही, २०१८ लाही आली नव्हती. पण आप्पांना विचार, ते सांगतात, "जर्मनीवरनं येऊन मत टाकलं पोरानं."

तो पासपोर्ट मला आता जमा करायचाय.

तू म्हणशील, एका मतानं काय होतंय. मीही स्वतःला तेच सांगतोय. पण १९८६ ला कानडी सक्तीविरुद्ध हिंडलग्याच्या तुरुंगात राहून आलेला माणूस आहे तो. महाराष्ट्र मागतो ती ८६५ गावं, २००४ चा सुप्रीम कोर्टातला दावा, बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणारा महाजन अहवाल, सगळं तोंडपाठ. आणि आता हातात राहिलं काय, तर लाल पेन. माझ्यावर फुली मारायची की बाण काढायचा, हे मी त्यांनाच विचारू काय?

दत्त्याला हे सांगितलं तर फिदीफिदी हसला. म्हणाला, "आप्पा जागचे न हलता साठ वर्षं राज्य बदलायलेत, तू एका सहीत देश बदलून आलास." त्याला काय, त्याचं अर्धं घर महाराष्ट्रात, चंदगडला.

आता तुला मजा वाटेल असं सांगतो. नागरिकत्वाच्या परीक्षेत ३३ प्रश्न असतात, १७ बरोबर आले की पास. त्यातले तीन प्रश्न तुम्ही राहता त्या राज्यावरचे. तुमचं राज्य कोणतं याला एकच बरोबर उत्तर असतं आणि त्याला मार्क मिळतात, हे बेळगावच्या माणसाला पहिल्यांदाच कळलं! अभ्यास करताना सापडलं की ते राज्य, बाडेन-व्युर्टेंबर्ग, १९५२ साली तीन राज्यं जोडून झालं. बाडेनचे लोक चिडले, आमचं मत दाबलं म्हणाले. कोर्टात गेले. कोर्टानं १९५६ साली त्यांना लोकमताची वाट मोकळी करून दिली. १९५६, बाळ्या! त्याच साली आपल्याला म्हैसूर राज्यात घातलं. त्यांचं मतदानही लांबलं, १९७० उजाडलं, आणि तेव्हा जवळजवळ ८२ टक्क्यांनी एकत्रच राहायचं ठरवलं. मी हे आप्पांना मागेच सांगितलं होतं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पण विचारलं न्हवं त्यांना." त्यावर माझ्याकडे काही नव्हतं.

तिथे १ नोव्हेंबरला, म्हणजे आपल्या काळ्या दिवशी, सुट्टी असते हेही त्यांना आवडतं. सगळ्या संतांचा सण, दुकानं बंद. आप्पा शेजाऱ्यांना सांगतात की जर्मनीतसुद्धा बंद पाळतात. मी दुरुस्त करत नाही. मात्र गेल्या साली त्याच आठवड्यात धारवाडच्या एका सहकाऱ्यानं कर्नाटक राज्योत्सवाच्या जेवणाला नेलं आणि मी दोनदा बिसीबेळे भात घेतला, हे तू कुठे बोललास तर याद राख.

येळ्ळूरचं तू काढणारच, म्हणून मीच काढतो. २०१४ ला 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला तिथला फलक सरकारनं हटवला तेव्हा तू तिकडे होतास आणि मी आलो नाही. पोलिसात नाव गेलं तर पासपोर्ट अडकेल, हे मी तोंडावर सांगितलं. तू मला 'पासपोर्टवाला' म्हणालास आणि आपण गणपती येईपर्यंत बोललो नाही. माझंच बरोबर होतं असं मला अजून वाटतं. पण परवा पत्र वाचताना पहिला तूच आठवलास, शिवी देताना.

जमिनीचंही एक आहे. येळ्ळूरच्या शिवारातली आपल्या भाताच्या शेताला लागून असलेली पट्टी विकायला निघाली आहे, आप्पा म्हणतात तुझ्या नावावर घेऊ. परदेशात राहणाऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, पासपोर्ट निळा असो की लाल. वारसानं आली तर चालते. हे सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे मी मेल्यावरच?" आणि बासमतीच्या भावावर गेले. तेव्हा बोलायची संधी होती. पण आई चहा घेऊन आली.

तुझं काय? मशीनचा हप्ता संपला का? सुमनवहिनींची परीक्षा झाली म्हणे, पेढे कुठे आहेत? धाकटीला दम लागायचा ते कसंय? सविस्तर लिही, नाहीतर वहिनींनाच लिहायला सांग, तुझं अक्षर लागत नाही.

ठरवलंय असं की अधिवेशन संपू दे, पेपर जरा थंड होऊ दे, मग शुक्रवारी रात्री जेवण झाल्यावर सांगायचं. आईला आधी नाही, ती रडेल आणि मग मी बोलणार नाही. तू शनिवारी सकाळी त्यांना फोन कर. समजूत घालू नकोस, तुला जमत नाही ते. नुसती यादीची चौकशी कर, वॉर्डात किती उरले विचार. तुझं नाव अजून टिंबातच आहे, मी बघितलंय.

तुझा,
पासपोर्टवाला

ता. क. दत्त्याचा मेव्हणा बुधवारी दुबईला निघालाय, त्याच्याकडे कुंदा देतोय. एक किलो आहे. तुझ्यापर्यंत पाऊण पोचला तर मला कळव.