लडलोत उपाशी? दुपारी तीनला गेलात तर!

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला लडलोवरचा लेख काल वाचला. रात्रभर धुसफुसले आणि आज सकाळी चहा होताच लिहायला बसले आहे. नदी, पूल, किल्ला हे सगळं लेखकांनी छान रंगवलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो शेवटचा परिच्छेद! इंग्लंडच्या अशा आडगावात शाकाहारी माणसाला चिप्सखेरीज (म्हणजे बटाट्याच्या गरम तळलेल्या फोडींखेरीज) काही मिळत नाही, म्हणून मराठी पर्यटकांनी शिदोरी बांधूनच निघावं, असा सल्ला देऊन महाशय मोकळे झाले. मी गेली कित्येक वर्षं या गावाशेजारी राहते. आमचे हे जन्माचे शाकाहारी. ते अजून जिवंत आहेत, वजनही कमी झालेलं नाही.

लेखकांनी स्वतःच लिहिलं आहे की किल्ला बघून बाहेर पडायला तीन वाजले आणि समोरच्या चौकात चिटपाखरू नव्हतं. आता त्याच चौकात, कासल स्क्वेअरमध्ये, सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार असे चार दिवस बाजार भरतो. पालं लागतात, चीजवाले, पाववाले, रोपंवाले सगळे येतात, खायच्या गाड्याही असतात. चौक रिकामा होता त्या अर्थी महाशय बहुधा मंगळवारी उगवले. मंगळवार, तोही दुपारी तीन! इथल्या छोट्या गावांत शनिवार-रविवार राबलेले खानावळवाले सोमवारी-मंगळवारी दार लावून झोपतात. उरलेल्यांची स्वयंपाकघरं बाराला उघडतात ती दोन, फार तर अडीचला बंद. मग संध्याकाळी सहा ते नऊ. मधल्या वेळात चहा, स्कोन आणि केक. हे न विचारता गेलं की चिप्सच मिळणार.

यात इंग्रजांचा खडूसपणा आहे म्हणावा तर आहे, पण त्याला इतिहासही आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५ नंतर, दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार पिऊन पडू नयेत म्हणून सरकारनं पब दुपारी बंद ठेवायला लावले. युद्ध संपलं, नियम राहिला. आठवड्याच्या दिवशी दुपारभर पब उघडा ठेवायची मुभा इंग्लंडात १९८८ साली मिळाली. बार उघडा राहू लागला, आतला आचारी मात्र अजून जुन्याच घड्याळावर चालतो. आणि पुण्याच्या वाचकांनी यावर नाक मुरडावं? चितळ्यांनी दुपारची एक ते चारची सुटी २०१७ मध्ये बंद केली, तोवर आपण सगळे बाकरवडीसाठी मुकाट ताटकळतच होतो ना!

खरं सांगायचं तर माझा राग या लेखाआधीचा आहे. गेल्या उन्हाळ्यात माझे दीर आणि जाऊबाई कोथरूडहून आले होते. त्यांना लडलो दाखवायला नेलं. गावातल्या एका पबात (नाव लिहीत नाही, पुन्हा जायचं आहे) मी साडेबाराचं टेबल सांगून ठेवलं होतं. शाकाहारी दोघं आहेत हेही कळवलं होतं. बाईंनी फोनवर आपणहून सांगितलं, आज मशरूम पाय (कणकेच्या पारीत भाजलेलं मशरूमचं सारण) आहे, दोन बाजूला काढून ठेवते. पण भाऊजींना मनोऱ्यावर चढायचं होतं. मग हेन्री सातव्याचा थोरला मुलगा आर्थर याच किल्ल्यात १५०२ मध्ये वारला, हे मीच त्यांना सांगितलं, तर तो नेमका कुठल्या खोलीत वारला हे शोधणं आलं. मी खालून हाका मारते आहे आणि वरून उत्तर येतंय, "अहो वहिनी, जेवण काय, दोन-अडीचला होईलच की!" मी फोन करून टेबल दीडवर ढकललं. बाई म्हणाल्या, चालेल, पण दोनला शेवटची ऑर्डर.

आम्ही पोचलो दोन वाजून दहा मिनिटांनी.

बाई ओल्या फडक्यानं पाटीवरचा मेनू पुसत होत्या. आमच्याकडे बघत बघत त्यांनी 'मशरूम' पुसलं, मग 'पाय' पुसलं. शेजारच्या टेबलावर त्याच क्षणी वाफाळता पाय येऊन आदळला. मागच्या खिडकीतून आचारी दिसत होता, उभ्या उभ्या स्वतःचं सँडविच खात. मी म्हटलं, निदान सूप? तर "किचन इज क्लोज्ड, लव्ह." वर्षानुवर्षं जिथं आम्ही जेवतो, ख्रिसमसचं जेवण घेतो, तिथं! वाटीभर सूप गरम करायला किती वेळ लागतो? त्यांनी मोठ्या मनानं क्रिस्प्सची, म्हणजे आपल्या वेफर्सची, पाकिटं आणि खारे शेंगदाणे पुढे केले. २००३ मध्ये हे गाव 'स्लो सिटी'च्या चळवळीत दाखल झालेलं ब्रिटनमधलं पहिलं गाव. निवांत जगा, निवांत जेवा, असा त्या चळवळीचा बाणा. इतर सगळं निवांत, दार लावायला मात्र विजेची चपळाई.

आता यात आपल्या वृत्तपत्राचा काय संबंध, असं वाटेल. सांगते. जाऊबाई जराही डगमगल्या नाहीत. त्यांनी पर्समधून आपल्याच पुरवणीचं एक कात्रण काढलं (तेव्हाच्या लेखाचे लेखक वेगळे, सल्ला हाच) आणि पिशवीतून स्टीलचा डबा. पबाच्या टेबलावर दशम्या, वर लसणाची चटणी. झाकण उघडलं मात्र, अख्ख्या पबाच्या माना वळल्या. बाहेरचं खाणं इथं खाऊ नये अशी पाटी भिंतीवर होती, ती बाईंनी बोटानं दाखवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाऊबाई विचारतात, "का गं, ह्यांच्याकडे श्रूजबेरी बिस्किटं तरी असतील ना?" कारण कयानीच्या बिस्किटांना ज्याचं नाव मिळालं ते श्रूजबेरी इथून रेल्वेनं जेमतेम अर्ध्या तासावर आहे. पबवाल्या बाईंना काही कळेना आणि मला समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

शेवटी आम्ही किल्ल्याच्या दाराशी सेव्हास्तोपोलहून आणलेली रशियन तोफ आहे, तिच्याजवळ बसून दशम्या खाल्ल्या. छान झाल्या होत्या, नाही म्हणत नाही. तोवर जॅकडॉ जमले, कावळ्याचेच धाकटे भाऊ, आणि त्यातल्या एकानं भाऊजींच्या हातची अर्धी दशमी पळवली. त्या दिवसापासून कोथरूडच्या घरी आलेल्या प्रत्येकाला 'लडलोत खायला मिळत नाही' हे पुराव्यानिशी ऐकवलं जातं. वर आता आपला लेख. जाऊबाईंनी त्याचं छायाचित्र मला मोबाइलवर पाठवलं, खाली तीन अंगठे.

महाशय, गावाची निवड तरी बघायची होती. वस्ती जेमतेम दहा-अकरा हजार, आणि या शतकाच्या सुरुवातीला इथल्या तीन जागांकडे एकाच वेळी मिशलिनचे तारे, म्हणजे उत्तम जेवणाला मिळणारा नावाजलेला मान, होते. शॉन हिल यांचं मर्चंट हाउस, क्लोद बोझी यांचं हायबिस्कस आणि नदीकाठचं मिस्टर अंडरहिल्स. लंडनहून माणसं जेवायला म्हणून येत. हायबिस्कस २००७ मध्ये लंडनला गेलं, बाकीची दोन्ही मिटली, ते दिवस गेले हे खरं. पण १९९५ पासून दर सप्टेंबरात किल्ल्याच्या आवारात खाद्यमहोत्सव भरतो तो अजून भरतो. गावातल्या खाटकांच्या सॉसेजची तिथं स्पर्धाच असते; लोक एकेक चाखत गावभर फिरतात आणि मत देतात. ते आपल्या वाचकांतल्या निम्म्यांच्या कामाचं नाही, मान्य. पण अशा गावाला 'चिप्सचं गाव' म्हणायचं?

शाकाहाराचंच म्हणाल तर हल्ली मेनूवर पदार्थापुढे 'व्ही' (शाकाहारी) किंवा 'व्हीई' (दूधदुभतंही नसलेलं, व्हीगन) छापलेलं असतं. गहू, दूध, शेंगदाणे अशा चौदा गोष्टींपैकी कुठली पदार्थात आहे हे सांगणं इथं कायद्यानं बंधनकारक आहे, त्यामुळे विचारलं तर कुणी तोंड वाकडं करत नाही. भाजलेला अख्खा बटाटा, त्यावर चीज किंवा बीन्स. रोजचं सूप आणि पाव. चीज, लोणचं आणि पावाचा प्लाउमन्स. रविवारी मांसाच्या रोस्टऐवजी सुकामेव्याचा नट रोस्ट. तिखट लागणार नाही, पण पोट भरतं. बारवर जाऊन टेबलाचा नंबर सांगून ऑर्डर द्यायची असते. खुर्चीत बसून वेटरची वाट पाहिलीत तर सहा वाजतील. साधं पाणी मागून घ्या, दारूचा परवाना असलेल्या जागेला ते फुकट द्यावंच लागतं. लेखकांनी बाटलीबंद पाण्याच्या किमतीवर चार ओळी रडून घेतल्या आहेत, म्हणून सांगितलं.

आणि आता त्या चिप्स. 'निदान शाकाहारी तरी' म्हणून लेखकांनी ज्यांवर समाधान मानलं, त्या कशात तळल्या होत्या हे त्यांनी विचारलं का? लडलोतल्या दुकानांबद्दल मी बोलत नाही, पण मिडलंड्समध्ये आणि उत्तरेकडे कितीतरी चिप्सवाले अजून बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गुराच्या चरबीत, तळतात आणि ते अभिमानानं काचेवर लिहून ठेवतात. शाकाहारी वाचकांना डोळे झाकून चिप्सच्या दुकानात पाठवणाऱ्या लेखात ही एक ओळ नसावी? काही चीजही वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजलेली असतात, तेही विचारून घ्यावं. शिदोरीच्या सल्ल्याऐवजी हे छापलं असतं तर मी आपले आभार मानले असते.

'इंडियन रेस्टॉरंटही बंद होतं' अशी आणखी एक तक्रार आहे. असणारच. गावोगावची ही करी हाउसेस बहुतेक सिल्हेटहून आलेल्या बांगलादेशी कुटुंबांनी उभी केली, ती साडेपाचच्या सुमारास उघडतात आणि रात्री उशिरापर्यंत राबतात. गावातल्या सगळ्या चुली विझल्या की गरम जेवण मिळतं ते त्यांच्याकडेच. त्यांची दुपारची झोप मोडायचा आपल्याला काय अधिकार? आमटी-भाताची अपेक्षा ठेवू नका इतकंच.

जाता जाता, लेखासोबत काळ्या-पांढऱ्या लाकडी नक्षीच्या घराचं जे चित्र 'लडलोचा किल्ला' म्हणून छापलं आहे ते फेदर्स हॉटेल आहे. १६१९ ची इमारत. किल्ला नॉर्मन लोकांनी बांधलेला, दगडी, नऊशेहून जास्त वर्षं जुना. एवढं तरी कुणी तपासत जा.

आणखी एक. आपल्या ई-पेपरात शब्दकोड्याचा उजवीकडचा रकाना कापला जातो, त्यामुळे शेवटची उभी शब्दांची ओळ दिसतच नाही. हे मी यापूर्वीही कळवलं होतं. पोच नाही, उत्तर नाही, आणि वर्गणी मात्र वेळेवर कापली जाते. या रविवारचं कोडं पूर्ण दिसेल अशी व्यवस्था करावी.

कळावे,
आपली एक जुनी वर्गणीदार
(मूळ वाईची, सध्या मुक्काम लडलोजवळ, श्रॉपशायर)