ग्राफिक्स कार्डाआधी वायर

चि. ओंकार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नव्या गेमिंग पीसीची तुझी यादी वाचली. तीत सगळ्यात महाग ग्राफिक्स कार्ड आहे आणि वायरचा पत्ताच नाही. व्हॅलोरंटसारख्या ऑनलाइन नेमबाजीच्या खेळासाठी क्रम नेमका उलटा हवा.

आधी लाइन, म्हणजे इंटरनेट. 100 एमबीपीएसचा प्लॅन 300 चा केलास म्हणून नेम सुधारणार नाही. गेमला एक एमबीपीएससुद्धा पुष्कळ होतो. त्याला हवा असतो वेळेवर पोचणारा पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे, नागपूरहून अंतर सुमारे 800 किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन 8 मिलिसेकंद. त्याहून जास्त जो पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत) दिसतो तो वळसे, रांगा आणि वाय-फाय यांचा. कायम 35 असला तर हाताला सवय होते. 25 वरून 140 वर उड्या मारणाऱ्या पिंगची होत नाही.

दोष कुठे आहे हे असं शोध. रात्री नऊच्या सुमारास, घरातले सगळे ऑनलाइन असताना, कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघड. एकीत राउटरला सतत पिंग लाव (बहुतेक ठिकाणी 192.168.1.1), दुसरीत 8.8.8.8 ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला. राउटरचाच आकडा नाचत असेल तर गुन्हेगार वाय-फाय. राउटर 1 वर स्थिर आणि बाहेरचा नाचतोय, तर तुझा रूममेट फोटो क्लाउडवर चढवत नाही ना ते आधी बघ. अपलोड तुडुंब भरला की तुझे पॅकेट त्याच्या फोटोंमागे रांगेत उभे राहतात. राउटरमध्ये क्यूओएस (कोणाला किती वेग द्यायचा ते ठरवणारी सोय) असेल तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या 90 टक्क्यांवर ठेव. 48 एमबीपीएस मिळत असेल तर 43. रांग मग मोडेममध्ये न साचता राउटरच्या ताब्यात राहते. सगळे बंद करूनही बाहेरचा आकडा उडत असेल, तरच कंपनीला फोन कर, आणि ट्रेसरूटचा (पॅकेट कुठून कुठून जातो त्याच्या यादीचा) फोटो हाताशी ठेव. मुंबईचा पॅकेट चेन्नई फिरून जाताना दिसला तर बोलायला मुद्दा मिळतो.

हॉलपासून तुझ्या टेबलापर्यंत दाराच्या चौकटीवरून कॅट 6 वायर ओढ, 15 मीटर पुरेल. घेताना टोकाची एक तार ब्लेडने खरवडून बघ. आतून चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे. वारंवार वाकवली की आतल्या आत तुटू शकते. जोडल्यावर विंडोजमध्ये लिंकचा वेग 1000 एमबीपीएस दिसायला हवा. 100 दिसला (आणि राउटरचे पोर्ट गिगाबिट असले) तर बहुधा आठातली एखादी तार कनेक्टरमध्ये नीट दाबून बसलेली (क्रिंप) नाही. गेमला तेवढ्या वेगाने काही बिघडत नाही, पण असाच कनेक्टर पुढे पॅकेट गाळतो.

मग मॉनिटर: 24 इंची, 1080पी, किमान 144 हर्ट्झ (सेकंदाला इतकी चित्रं). 60 वर नवं चित्र 16.7 मिलिसेकंदांनी येतं, 144 वर 6.9 ने. केबल ग्राफिक्स कार्डाच्या डिस्प्लेपोर्टला लाव, मदरबोर्डाच्या नको. त्यानंतर विंडोजच्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये 144 निवडायला विसरू नकोस. महागडे मॉनिटर घेऊन महिनोन्‌महिने 60 वर खेळणारी मुलं कमी नाहीत.

व्हॅलोरंटचा भार मुख्यतः प्रोसेसरवर असतो, म्हणून तुझ्या यादीतल्या रायझन 5 5600 प्रोसेसरबरोबर आरटीएक्स 4070 ग्राफिक्स कार्ड ही जोडी उलटी पडते. रायझन 5 7600 आणि 4060 घे. मदरबोर्ड एएम5 लागेल, रॅम डीडीआर5, 16 जीबीची एकच काडी नको, 8 च्या दोन. त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसव आणि बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सपो, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारा पर्याय, चालू कर, नाहीतर 6000 ची रॅम 4800 वरच धावते. पहिल्यांदा सुरू केल्यावर पडदा काही मिनिटं काळा राहील. मदरबोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो (ट्रेनिंग), घाबरून बटण दाबून बंद करू नकोस. व्हॅलोरंटचा व्हॅन 9003 हा एरर आला तर बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याचा पर्याय) बंद करून सिक्युअर बूट चालू कर. गेममध्ये रिफ्लेक्स (क्लिकपासून चित्रापर्यंतचा उशीर कमी करतो) चालू, व्ही-सिंक (तो उशीर वाढवतो) बंद.

माउसची संवेदनशीलता 800 डीपीआयवर, पोलिंग (सेकंदाला किती वेळा जागा कळवतो) 1000 वर ठेव. त्याहून मोठे आकडे जाहिरातीसाठी. पॅड मात्र मोठा घे.

नागपूरचा मे महिना ध्यानात ठेव. कॅबिनेट जाळीच्या तोंडाचं हवं आणि भिंतीपासून वीतभर लांब. 7600 तापून 95 अंशांवर गेला की आपला वेग आपणच कमी करतो, आणि तुला वाटतं नेट अडकलं. वीज जाते त्याचंही बघ. राउटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस, पण आधी ॲडॉप्टरवरचा व्होल्टेज वाच, काहींचा 9 असतो. पीसीला 600 व्हीएचा घेऊ नकोस. तो साधारण 360 वॅट देतो, खेळ रंगात असताना कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर मिळून त्यातला मोठा वाटा खातात आणि वीज गेल्यावर फारसा वेळ हाती उरत नाही. 1000 व्हीए घे.

अजून काहीही मागवू नकोस. आज रात्री दोन्ही पिंग दहा मिनिटं चालू दे आणि दोन्ही खिडक्यांचे फोटो पाठव. लाइन बरी निघाली तर मॉनिटरचं बघू.

तुझी,
आई