आधी रीत, मग भाव: गुजरीतल्या काकांना पत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव, दुकान, गल्ली काहीही लिहायचं नाही ही तुमची अट पाळते आहे. पत्र उघडं लिहू नकोस असं मात्र तुम्ही म्हणाला नव्हता. आईवडिलांच्या मागे सोन्याच्या डबीभोवती बसलेली घरं पुष्कळ असतात, त्यांनाही यातलं काही उपयोगी पडेल म्हणून सगळ्यांसमोर लिहिते.

पहिले आभार कशाचे, तर त्या दिवशी आम्हाला भाव न सांगितल्याबद्दल. आम्ही आईची डबी घेऊन कोल्हापुरात, गुजरी या सराफांच्या पेठेत, तुमच्यासमोर बसलो आणि दादाने पहिलाच प्रश्न टाकला, "एकूण किती होतील?" तुम्ही नाणी मोजलीत, एकेक काट्यावर ठेवलंत, वहीत उतरवलंत आणि वही मिटलीत. म्हणालात, "आधी रीत ठरवून या. कोणाचा वाटा किती, दर कुठल्या तारखेचा, एकाच दागिन्यावर दोघांचा जीव असला तर काय करायचं, हे कागदावर लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. मग मी भाव सांगतो. भाव कळला की प्रत्येकाला आपल्या सोयीची रीत सुचते."

जिना उतरेपर्यंत दादा कुरकुरत होता. मला विचाराल तर आमची वाटणी भांडणाविना झाली ती या एका अटीमुळे. कुठल्या वाटीत काय पडणार हेच माहीत नसल्यावर माणूस आपोआप सरळ वागतो.

तुमच्याकडे येण्याआधी आम्हाला दुसरीकडे एक सल्ला मिळाला होता: सगळं आटवा, लगड करा, चार तुकडे पाडा, कटकट मिटली. ऐकायला इतका सरळ की ताईसुद्धा मान डोलावत होती. तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत. खणातून भिंग काढलंत, एक पौंड (इंग्रजांच्या वेळचं सोन्याचं नाणं, सॉव्हरिन; आई त्यांना पौंडच म्हणायची) दिव्याखाली धरलात आणि मला म्हणालात, "घोड्याच्या पायाखाली बघ." सेंट जॉर्ज घोड्यावर, खाली ड्रॅगन, त्याखाली जमिनीची रेघ आणि रेघेखाली 1918. त्या रेघेवर, सालाच्या बरोबर वर, एक इवलंसं इंग्रजी अक्षर उभं होतं: आय. आय म्हणजे इंडिया. मेलबर्नचं असेल तर एम, सिडनीचं एस, पर्थचं पी, आणि लंडनच्या नाण्यावर काहीच नाही. मुंबईच्या टांकसाळीत रॉयल मिंटची शाखा उघडली आणि तिथे एकट्या 1918 सालाचे पौंड पाडले गेले, तेरा लाखांच्या आसपास. इतकी वर्षं ते नाणं आमच्या कपाटात होतं आणि त्याच्या घोड्याच्या पायाखाली कुणी पाहिलं नव्हतं.

मग तुम्ही दुसरं नाणं पुढे सरकवलंत. त्यावर घोडा नाही, वेलबुट्टीच्या आत 15 रुपये, इंडिया, 1918. पहिल्या महायुद्धात चलनाची ओढाताण झाली तेव्हा, पौंड पाडायची तयारी होईपर्यंत, मुंबईत पाडलेली ही मोहर. वजन पौंडाइतकंच, 7.99 ग्रॅम, कसही तोच, 22 कॅरेट. आटवली असती तर दोन्हींत 7.32 ग्रॅम शुद्ध सोनंच निघालं असतं आणि काट्याला फरक कळलाही नसता. नाणी जमवणारा मात्र मोहरेला वेगळे पैसे मोजतो. लगड हा शब्द त्यानंतर आमच्या घरात कुणी काढला नाही.

रीत ठरवताना आधी वाट्यांचा प्रश्न आला. आईने मृत्युपत्र केलं नव्हतं, बाबा तिच्याआधी गेलेले. "मुलींना एकेक आठवण म्हणून द्यावं" असं एका नातेवाइकाने सुचवलं, तेव्हा तुम्ही आम्हाला वकिलाकडे धाडलंत आणि ते बरं झालं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आईची मालमत्ता मुलगे आणि मुली यांच्यात सारखी जाते, लग्न झालेलं असो वा नसो. आमचा मधला भाऊ आईआधी गेला. त्याचा वाटा त्याच्या दोन मुलांना, दोघांत मिळून एक. वहिनी कायद्याने यात वारस नाहीत, हे वकिलांनी चाचरतच सांगितलं. त्यावर तुमचं म्हणणं होतं, "वारस नसतील, पण बैठकीला त्यांचा पाट पहिला मांडा." तसा मांडला. तर वाटे चार: दादा, ताई, मधल्याची मुलं आणि मी.

दराचं कलम तुम्हीच सुचवलंत आणि मला ते फार आवडलं. सगळ्यांना एकच तारीख, एकच दर, त्या दिवशीचा 24 कॅरेटचा बाजारभाव. घडणावळ धरायची नाही, जीएसटी धरायचा नाही आणि मोडीची घटही कापायची नाही, कारण घरातल्या घरात कोणी कोणाला विकत नाही. दुसऱ्या दिवशी सोनं चढलं की उतरलं, ते बोलायचं नाही. (सोनं चढलं. दादा बोलला नाही. याचंही श्रेय तुम्हालाच.)

सह्यांचा कागद घेऊन आम्ही आलो आणि मग तुम्ही खऱ्या अर्थाने कामाला लागलात. अकरा पौंड आणि एक मोहर, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, वजन तीन दशांशांपर्यंत. बहुतेक 7.95 ते 7.99 मध्ये. 7.94 च्या खाली झिजलेला पौंड इंग्रजांच्या वेळी चलनातून बाद धरत, हे मला तेव्हाच कळलं. चार पौंडांना कडी लावलेली होती, कधीतरी कुणीतरी माळेत ओवण्यासाठी. ते काट्यावर आठच्या वर गेले आणि ताई खूश झाली. तुम्ही म्हणालात, "वरचं आहे ते डाख, कडी जोडायला वापरलेला. तो कमी कसाचा, त्याला पौंडाचा भाव नाही." आणि कडीवाल्या नाण्याला हौशी माणूस जास्त पैसे देत नाही, म्हणून ते नुसत्या सोन्याच्या भावाने धरायचे. खोटे पौंडही बाजारात खूप, म्हणून कसोटीवर भागवलं नाहीत. मशीनवर कस पाहिलात आणि पाण्यात बुडवून वजन करून घनताही काढलीत. साडेसतराच्या आसपास आली तेव्हाच पुढच्या नाण्याला हात लावलात. मी घरी सगळी नाणी रिठ्याने लख्ख करून आणायच्या बेतात होते, ते तुम्ही फोनवरच थांबवलं होतंत. घासलेल्या नाण्याची झळाळी वाढते आणि जमवणाऱ्याच्या लेखी किंमत उतरते.

हौशी किंमत, म्हणजे नाणी जमवणारा देईल ती, कशी काढली तेही इथे लिहायला हवं, कारण इंटरनेटवर 1918 ची मोहर अमुक लाखांना म्हणून वाट्टेल ते आकडे फिरतात आणि मधल्याच्या मुलाने, म्हणजे भाच्याने, ते सगळे छापून आणले होते. तुम्ही ते कागद बाजूला ठेवलेत. विकणाऱ्याने मागितलेली किंमत धरायची नाही. नाण्यांच्या लिलावात त्याच नाण्याला, तितक्याच झिजलेल्या अवस्थेत, प्रत्यक्षात किती मिळाले ते पाहायचं, त्यातून लिलाववाल्याचं कमिशन वजा करायचं आणि उरेल तो आकडा धरायचा. तो आकडा सोन्याच्या भावापेक्षा वर होता, भाच्याच्या कागदांच्या मात्र जवळपासही नव्हता.

राहिली पुतळ्यांची, म्हणजे नाण्यांसारख्या सोन्याच्या चकत्यांची, माळ. खरं दुखणं तेच होतं.

माळ तोडून वाटायची नाही यावर चौघांचं एकमत, आणि ती आपल्याकडे यावी यावर दोघींचं, म्हणजे ताईचं आणि माझं. तुम्ही आधी पटवेकऱ्याला, म्हणजे दागिने ओवणाऱ्याला, बोलावून ती उतरवून घेतलीत, कारण गोफ, पोवळी आणि लाख यांच्यासकट केलेलं वजन कोणाच्या कामाचं नाही. सुट्ट्या पुतळ्या ताटात पसरल्या तेव्हा पहिल्यांदा दिसलं की त्या एकसारख्या नाहीतच. बहुतेक पातळ, इथेच घडवलेल्या, काही चांगल्या 23 कॅरेटच्या, काही 20 च्या. एक मात्र वेगळीच होती. साडेतीन ग्रॅमच्या आसपास आणि जवळजवळ चोख. तिच्यावर एक माणूस गुडघे टेकून दुसऱ्याकडून झेंडा घेतोय, आणि मागच्या बाजूला ताऱ्यांच्या मधोमध एक उभी आकृती. व्हेनिसचा डुकाट, तिथलं जुनं सोन्याचं नाणं, तुम्ही सांगितलंत. गुडघे टेकलेला तिथला डोजे, म्हणजे प्रजासत्ताकाचा प्रमुख, झेंडा देणारे सेंट मार्क, मागे येशू. असे डुकाट व्यापारातून इकडे आले आणि आपल्या पुतळ्या त्यांच्या नकलेने घडल्या. व्हेनिसचं प्रजासत्ताक 1797 मध्येच संपलं, तेव्हा ती पुतळी त्याआधीची. आई त्या आकृत्यांना राम, लक्ष्मण, सीता समजून हात जोडायची. आम्ही ते तसंच राहू दिलंय.

माळेसाठी तुमची युक्ती बंद चिठ्ठीची. प्रत्येकाने लिहायचं की ही माळ मी किती किमतीला धरायला तयार आहे; सगळ्यांत जास्त लिहील त्याची माळ, त्याच किमतीला. मी लगेच म्हटलं, मग ज्याचा खिसा मोठा त्याचीच होणार की. तुम्ही हसलात. "खिशाला हात लावायचाच नाही. किंमत आपल्या वाट्यातून वळती करायची, आणि वाट्याबाहेर जाईल इतकी कोणी लिहायची नाही." म्हणजे माळ हवी तर पौंड सोडायचे. मी चिठ्ठी लिहिताना हात आखडला, कारण मला पौंडही हवे होते. ताईने जवळजवळ आपला अख्खा वाटा लिहिला. दोघींच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवल्यावर माळ कुणाची हे मला कोणी सांगायची गरज उरली नाही. तिने सोन्याच्या भावापेक्षा वर जितकं लिहिलं होतं, त्यातला मोठा भाग आम्हा बाकीच्यांच्या वाट्याला आला, हेही खरंच.

मग बारा नाणी तीन वाट्यांत, चार-चार. वाटे दादाने करायचे आणि उचलायचं मात्र सगळ्यांत शेवटी, बाकी दोघांचा क्रम वहिनींनी काढलेल्या चिठ्ठीने. दादाने तीन स्टीलच्या वाट्या मांडल्या आणि ती संध्याकाळ नाणी इकडून तिकडे करण्यात घालवली. मोहर एका वाटीत, आय अक्षराचे दोन पौंड दुसऱ्या दोन वाट्यांत एकेक, कडीवाले जिथे हलके वाटेल तिथे. उरलेला फरक काही हजारांचा होता, तो रोखीने मिटवला. मोहर मुलांकडे गेली.

तिथेही तुम्ही आणखी एक गोष्ट वेळेवर सांगितलीत. भाचा अमेरिकेत असतो आणि मोहर खिशात घालून जायच्या तयारीत होता. शंभर वर्षांवरचं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. 1918 चं नाणंही आता त्यात बसतं. विमानतळावर हे कळलं असतं तर काय झालं असतं याचा विचारही नको. मोहर आता भाचीच्या लॉकरमध्ये आहे, दोघांच्या नावाच्या कागदासह.

इतक्या सगळ्याचे तुम्ही पैसे घेतले नाहीत. "विकत घेणारा मी नाही, विकणारे तुम्ही नाही, मग पैसे कशाचे?" हे मला पटलेलं नाही, पण वाद घालून पाहिला, जमला नाही. तुम्हाला आमच्याकडून काहीच घ्यायचं नव्हतं म्हणून तुमच्या प्रत्येक आकड्यावर चौघांचा विश्वास बसला, एवढं मात्र मान्य करते.

जाता जाता एक काम. नातीच्या लग्नासाठी दादा त्याच्या वाट्यातले कडीवाले दोन पौंड मोडणार आहे. वारशाने मिळालं त्यावर कर नाही, पण विकलं की नफ्यावर साडेबारा टक्के, 23 जुलै 2024 पासूनच्या नियमाने. म्हणून नफा मोजण्यासाठी, तुम्ही सांगितल्याप्रमाणे, 1 एप्रिल 2001 च्या भावाचा दाखला त्याने नोंदणीकृत मूल्यांककाकडून घेतला आहे. तो पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येईल. सोबत घरच्या गुऱ्हाळाचा गूळ असेल. तो पैसे नव्हे, तेव्हा परत पाठवू नका.

आपली,
चौघांतली धाकटी