विद्याला पत्र

एडिसन, न्यू जर्सी
रविवार

प्रिय विद्या,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू चिडून विचारलंस, "गाझात एवढं चाललंय आणि इस्रायलींमधला एकही माणूस तोंड उघडत नाही का गं?" बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहितेय. उघडतात, विद्या. आणि त्याची किंमतही मोजतात.

काल इथल्या एका सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, सभागृहात (आपल्या अलिबागच्या इस्रायल आळीतल्या मागेन अबोथ सिनेगॉगपेक्षा बरंच मोठं आहे) २०१६चा 'डिस्टर्बिंग द पीस' हा माहितीपट दाखवला. नंतर परिसंवाद होता. माहितीपट आहे 'कॉम्बॅटन्ट्स फॉर पीस' या संघटनेवर. २००६ पासून तिचं काम उघडपणे चालू आहे. तिच्यातले इस्रायली स्वतः सैन्यात होते आणि बरेच पॅलेस्टिनी तुरुंगात राहून आलेले. सुलेमान खतीब चौदाव्या वर्षी चाकू घेऊन सैनिकांवर धावून गेला आणि दहा वर्षांहून जास्त आत होता. तिथेच तो हिब्रू शिकला. गांधी आणि मंडेलाही त्याने तिथेच वाचले.

पण मला झोप लागू दिली नाही ती खेन अलोनने. हा राखीव दलातला मेजर, पेशाने नाटकवाला. एकदा तो रस्ता अडवून उभा होता. समोर आजारी पॅलेस्टिनी मुलांनी भरलेली टॅक्सी. बेथलेहेमच्या इस्पितळात जायचं होतं, पण परवाना नव्हता. तेवढ्यात बायकोचा फोन आला, तीन वर्षांच्या मुलीला बालवाडीतून आणायची अडचण झालीय. हा मातीच्या ढिगाऱ्यावर उभा राहून आपल्या लेकीची सोय लावतोय आणि ती पोरं गाडीत ताटकळतायत. आपण घरी मायाळू बाप आणि इथे हे कोण, हे त्याला सोसेना. पुढे २००२ मध्ये, इस्रायलने व्यापलेल्या पॅलेस्टिनी प्रदेशात सेवा करणार नाही असं जाहीर करणाऱ्या राखीव सैनिकांमध्ये तो सामील झाला आणि त्यासाठी तुरुंगातही गेला. ज्या देशात सैन्य म्हणजे प्रत्येक घरातलं कुणीतरी, तिथे हे करायला काय छाती लागत असेल!

परिसंवादात एका आजोबांनी विचारलं, "सात ऑक्टोबरनंतरही तुम्ही हेच म्हणणार?" व्यासपीठावरच्या रब्बी (ज्यू धर्मगुरू) बाईंनी व्हिव्हियन सिल्व्हरबद्दल सांगितलं. मूळच्या कॅनडाच्या, गाझाच्या सीमेजवळच्या बेएरी किबुट्झमध्ये (सामूहिक वस्तीत) राहायच्या. गाझातल्या रुग्णांना स्वतःच्या गाडीतून इस्रायलच्या इस्पितळांत पोचवायच्या. २०१४च्या युद्धानंतर उभ्या राहिलेल्या 'विमेन वेज पीस' या शांततेसाठी झटणाऱ्या बायकांच्या चळवळीच्या त्या एक संस्थापक. ४ ऑक्टोबर २०२३ला इस्रायली आणि पॅलेस्टिनी बायकांचा एकत्र मेळावा झाला, त्यातही त्या होत्या. तीनच दिवसांनी हमासच्या हल्ल्यात त्यांच्याच घरी त्या मारल्या गेल्या. वय ७४. आधी सगळ्यांना वाटलं, ओलीस नेलं असेल. खरं कळायला नोव्हेंबर उजाडला. आणि त्यांचा मुलगा योनातान झायगेन आज आईचंच काम करतोय. आजोबा काही बोलले नाहीत. मलाही त्यांचा राग आला नाही. त्यांची भीती खोटी नव्हती.

मग इस्रायलमधल्या रानाना शहरातली गोष्ट निघाली. दरवर्षी इस्रायलच्या स्मृतिदिनी दोन्हीकडची शोकग्रस्त कुटुंबं एकत्र कार्यक्रम करतात. एप्रिल २०२५ मध्ये त्याचं प्रक्षेपण रानानातल्या एका सिनेगॉगमध्ये लोक बघत होते, आमच्यासारखेच खुर्च्या मांडून. बाहेर जमाव आला, दगडफेक झाली, पोलिसांनी लोकांना बाहेर काढलं. ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर ज्यूंनीच दगड मारावेत!

पॅलेस्टाइनमध्ये जन्मलेले एक शिक्षकही व्यासपीठावर होते. त्यांचं बोलणं मला सगळ्यात पटलं. म्हणाले, "गळाभेट घ्या, मला आनंदच आहे. पण माझ्या बहिणीला शेतात जायला आजही इस्रायली सैन्याचा नाका ओलांडावा लागतो. तो नाका हटला पाहिजे." सूत्रसंचालकाने लगेच दोन्ही बाजूंच्या दुःखाचं काहीतरी गोड बोलून विषय आवरता घेतला. ते मला अजिबात आवडलं नाही. अलोनसारखी माणसं दुःख समसमान वाटत बसत नाहीत, "हे आमचं सरकार करतंय, आम्ही करू देणार नाही" असं म्हणतात. म्हणून तर त्यांना घरच्यांच्या शिव्या खाव्या लागतात.

ही माणसं थोडी आहेत, हे खरंच. पण ती नाहीतच असं आता कुणी म्हणालं, तर मी गप्प बसणार नाही, आणि तूही बसू नकोस.

तुमच्या वाचनालयात हा माहितीपट दाखवता येईल का, विचारून बघ. परवानगीचं मी इथून बघते. मराठी उपशीर्षकं लागली तर तीही करून देईन. फक्त तारीख लवकर कळव.

काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
शैला