चारांतले एक

शहादा, जि. नंदुरबार

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र पोहोचले. वैद्यकीय संशोधनाचे सार सर्वसामान्य वाचकांसाठी मराठीत लिहिण्याचे काम तू हाती घेतलेस, याचा मला मनापासून आनंद झाला. सोपे करायला गेले की अर्थच बदलतो, अशी तुझी तक्रार आहे. गेले वर्षभर मी सिकलसेल या आईवडिलांकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराविषयीचे संशोधन आमच्या भागातल्या लोकांसाठी लिहितो आहे आणि हीच अडचण मला रोज भेटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची रक्ततपासणी करण्याचे तिने ठरवले. तपासणीचा निकाल माणसाच्या हातात पडतो, पण त्यावर लिहिलेल्या 'वाहक' या एका शब्दाने घरात किती घबराट होते, हे मी येथे आल्यावर पाहिले. आपल्याकडे वाहक म्हणजे एस.टी.तला तिकीट देणारा, नाहीतर डासासारखा रोग इकडून तिकडे नेणारा. त्यामुळे वाहक ठरलेल्या मुलीच्या ताटात कुणी जेवू नये, असा समज होऊ शकतो. आता मी तो शब्द एकटा कधीच सोडत नाही. लगेच पुढे लिहितो: "आई किंवा वडील यांपैकी एकाकडून हा दोष तुमच्याकडे आला आहे. तुम्ही सहसा आजारी पडणार नाही आणि तुमच्या स्पर्शाने, उष्ट्याने किंवा रक्त तपासल्याने तो कोणालाही होणार नाही."

याहून अवघड गेला तो आकडा. आईवडील दोघेही वाहक असतील तर मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. टक्के नकोत म्हणून मी 'चारांत एक' असे लिहिले आणि काम झाले असे समजलो. एका आशाताईंना तो मजकूर वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी शांतपणे विचारले, "सर, पहिलं मूल आजारी निघालं, म्हणजे पुढची तिघं चांगली ना?" त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण माझे वाक्य चुकीचे नव्हते आणि तरीही त्यातून एखाद्या जोडप्याने पुढच्या मुलाचा निर्णय चुकीचा घेतला असता. आता मी मडक्यातल्या चार चिठ्ठ्या सांगतो: एकीवर आजार, दोघींवर वाहकपण, एकीवर काहीच नाही, आणि प्रत्येक गरोदरपणी, उचललेली चिठ्ठी मडक्यात परत टाकूनच, नव्याने एक उचलली जाते. मजकूर चार ओळींनी वाढला, पण 'परत टाकूनच' हे दोन शब्द मी कोणत्याही संपादकाला काढू देणार नाही.

तू औषधांच्या अभ्यासांबद्दल विचारले आहेस. सिकलसेलवर दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सियुरिया या औषधाचा १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास उदाहरणादाखल घे. अमेरिका आणि कॅनडातल्या २९९ प्रौढ रुग्णांवर तो झाला. मूळ निबंधातल्या 'रँडमाइज्ड ट्रायल'ला आपण 'यादृच्छिक चाचणी' म्हणतो. यादृच्छिक कोणाला कळत नाही, आणि चाचणी म्हटले की लोक रक्ताची चाचणी समजतात, हा दुहेरी घोटाळा मला फार उशिरा लक्षात आला. मी असे लिहिले: "कोणाला औषध द्यायचे आणि कोणाला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी द्यायची, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे केवळ योगायोगावर सोडले होते. त्यामुळे मुळातच कमी त्रास असलेले सगळे एकाच बाजूला गोळा झाले नाहीत."

निकालात वेदनेच्या झटक्यांत ४४ टक्के घट दिसली. हा आकडा एकटा छापला तर वाचणाऱ्याला वाटेल की शंभरातल्या ४४ जणांचे दुखणे गेले. खरी गोष्ट अशी की औषध नसलेल्या गटात मधल्या रुग्णाला (झटक्यांच्या संख्येप्रमाणे सगळ्यांना रांगेत उभे केले तर मधोमध येणाऱ्याला) वर्षाला साडेचार झटके येत होते आणि औषधाच्या गटात अडीच. येथील लोक 'झटका' म्हणत नाहीत, 'हाडं ठणकतात' म्हणतात. म्हणून मी लिहिले की वर्षातून चार-पाच वेळा हाडे ठणकून झोपून राहावे लागत होते, ते दोन-तीन वेळांवर आले. ठणका थांबला नाही आणि आजारही बरा झाला नाही, हे त्याच परिच्छेदात यायला हवे. शेवटच्या ओळीत टाकले तर तिथवर कोणी पोहोचत नाही.

आणि तो अभ्यास कोणावर झाला, हेही लिहायला हवे. आधीच्या वर्षात कमीत कमी तीन झटके आलेल्या प्रौढांवरच. आपल्या वस्तीतल्या तीन वर्षांच्या पोराबद्दल त्या निबंधात एक अक्षरही नाही. लहान मुलांवर वेगळे अभ्यास पुढे झाले. औषध घेणाऱ्याचे रक्त वारंवार तपासावे लागते, कारण पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, आणि धडगावच्या डोंगरातून तपासणीसाठी खाली उतरणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे, हे परदेशातल्या निबंधात कुठून येणार? तेथे मी स्वतःची ओळ घालतो, पण ती माझी आहे हे स्पष्ट लिहूनच. संशोधकाच्या तोंडी आपले वाक्य घालण्याचा मोह तुलाही होईल; तेवढा मात्र आवर.

सोबत हायड्रॉक्सियुरियावरचा मजकूर पाठवतो आहे. तो तू वाचू नकोस, काकूंना वाचून दाखव, आणि मग कागद बाजूला ठेवून त्यांना काय कळले ते त्यांच्या शब्दांत विचार. जिथे त्या अडखळतील किंवा माझ्यापेक्षा वेगळे सांगतील, तिथे पेन्सिलीने खूण करून कागद परत पाठव. 'पांढऱ्या पेशी'चे मला अजून काही जमलेले नाही. काकूंना तिथे एखादा शब्द सुचला तर तो आधी कळव.

तुझा मित्र